यादीतलं पहिलं नाव

सकाळी दहा वाजता कॅनबेरातल्या एका खासदाराच्या ऑफिसने अकरा नावांची यादी जाहीर केली. अकराही जण आफ्रिकेतल्या एका देशात, निवडणुकीनंतर तुरुंगात होते. त्यांना सोडा, नाहीतर निर्बंध वाढतील, असं खाली लिहिलं होतं. पहिलं नाव सिफोचं.

सिडनीतल्या वेस्टमीडच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये सिफोची बहीण थांडी टी-रूममध्ये टोस्टला लोणी लावत होती. तिच्याच शिफ्टची नर्स नीरजा आली आणि तिने फोन पुढे धरला.

थांडीने यादी वाचली. सुरी खाली ठेवली.

"त्याचं नाव कुणी दिलं?"

"मी. शंतनू म्हणून माझ्या ओळखीचा मुलगा आहे त्या खासदाराच्या ऑफिसात. शब्द टाकला." नीरजा हसली. "आता कुणी हात लावणार नाही त्याला."

सिफो शाळामास्तर. मतदान केंद्राच्या दारावर चिकटवलेल्या निकालाचा त्याने फोटो काढला होता. रेडिओवरचा आकडा वेगळा निघाला. त्याला आत टाकून चाळीस दिवस झाले होते.

"काल आमच्या म्हाताऱ्या अध्यक्षाच्या शपथविधीला शेजारचे सहा अध्यक्ष आले," थांडी म्हणाली. "उभं राहून टाळ्या वाजवल्या. का, माहितीय?"

"त्यांनाही तसंच राज्य करायचंय."

"एखाद्याला. बाकीच्यांना म्हातारा आवडतही नाही. पण तुमच्या कॅनबेरातून कुणी दम दिला की त्यांना म्हाताऱ्याच्या बाजूने उभं राहावंच लागतं. माझे वडीलही उभे राहिले असते."

"माझं कसलं कॅनबेरा? मला अजून मतसुद्धा नाही इथे."

थांडीने घड्याळाकडे पाहिलं. "तिथे आता रात्रीचा एक वाजलाय. सकाळी आठला शेजारच्या देशातले एक बिशप म्हाताऱ्याबरोबर नाश्ता करणार आहेत. माझी आई अकरा दिवस त्यांच्या दारात बसली, तेव्हा तयार झाले. मास्तर आहे, मूर्ख आहे, सोडून द्या, एवढंच बोलणार होते. गुपचूप." तिने फोन परत दिला. "आता तो मास्तर राहिला नाही. गोऱ्यांचा माणूस झाला."

नीरजाने तिथेच शंतनूला फोन लावला.

"शंतनू, पहिलं नाव काढ."

"काढ म्हणजे? ताई, मीडियाला गेलं ते. आणि तो खरं तर आठवा होता. तू सांगितलंस म्हणून वर घेतला."

नीरजाने फोन ठेवला. थांडीला मराठी येत नव्हती.

"काय म्हणाला?"

"नाही निघत म्हणाला." आठव्याचं तिने सांगितलं नाही.

थांडीने टोस्ट उचलला, पुन्हा ठेवला.

"कार पार्कचा पासही तूच मिळवून दिला होतास. ओळखीने. मी केक आणला होता."

"थांडी, मला वाटलं..."

"माहितीय तुला काय वाटलं."

चार नंबरच्या बेडचं मशीन वाजू लागलं. थांडी उठली, हात धुतले आणि गेली.

साडेतीनला शिफ्ट संपली. पाच वाजता दोघी त्याच कार पार्कच्या तिसऱ्या मजल्यावर थांडीच्या गाडीत बसलेल्या होत्या. थांडीने घरी जा म्हणून दोनदा सांगितलं होतं. नीरजा गेली नव्हती. पाच वाजून चार मिनिटांनी थांडीच्या आईचा मेसेज आला. बिशपांच्या ड्रायव्हरने कळवलं होतं, ते आत गेलेत. नाश्त्याला अर्धा तास ठरला होता.

सात वाजेपर्यंत ते बाहेर आले नव्हते.