काजळीचा बुक्का

यंत्राने आईला श्वास द्यायला सुरुवात केली, तशी प्लगशेजारच्या जाळीतून कोळशाच्या धुराची रेघ निघाली. 'ज्याची वीज, त्याच्याच घरी तिचा धूर' हा कायदा वकील सुमेधानेच कोर्टात भांडून आणला होता. आता तिने आईपुरती सूट मागणारा अर्ज सहीसाठी पुढे धरला.

"वकीलबाई, आजवर हा धूर कोण गिळत होतं?" कीर्तनात आयुष्य घालवलेल्या आईने मास्क जरा सरकवून खोकत विचारलं.

"वीजकेंद्राजवळची वस्ती."

"त्यांच्या आयांना होती सूट?"

सुमेधाने अर्ज उलटा केला आणि मागे लिहिलं, 'प्रत्येक आजाऱ्याला आधी सूर्याची वीज.'

आईने सही केली. मग जाळीवरची काजळी बोटावर घेऊन लेकीच्या कपाळी, कीर्तनाच्या मध्यावर कीर्तनकाराला लावतात त्या बुक्क्यासारखी लावली.

"पूर्वरंग झाला, बाळ. आता उत्तररंगाला उभी राहा."