लेकीच्या नावानं

"साहेब, तुम्ही खोटं दाखवलं. माझ्या मायच्या तोंडात दुसऱ्या बाईची जीभ घातली."

टायरच्या दुकानामागं उभी राहून विजयश्री फोनवर बोलत होती. मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवर एका कानात बोट घातल्याशिवाय बोलता येत नाही. पलीकडं दिल्लीच्या चॅनलचा साहेब होता. तिच्या तोंडात हैदराबादी हिंदी होती, राग मात्र मराठी होता.

"कोणती आई?" साहेबानं विचारलं. त्याच्या माहितीपटात बऱ्याच आया होत्या.

"पाटी धरून उभी ऱ्हाती, ती."

हणमंतरावाचं घर सगळ्या औराद तालुक्याला ठाऊक होतं. कुठं जातीबाहेर लग्न लागलं की बापापासून सुनांपर्यंत हे सगळं घर मंगल कार्यालयासमोर पाट्या घेऊन हजर. 'हे लग्न नव्हे, विटाळ.' पुढं त्या जोडप्याचं मूल दगावलं तर हे मसणवाट्यातही उभे. 'देवानं न्याय केला.' लेकरू पुरणाऱ्या बापापुढं असली पाटी धरवते कशी, हे त्यांना गावानं कधी विचारलं नाही. गाव भीत होतं. आणि खरं सांगायचं तर मनातून थोडं खूशही होतं.

मग त्याच घरची थोरली लेक विजयश्री जातीबाहेर गेली. नागेंद्र टायरवाल्याशी तिनं लग्न लावलं. तिच्या लग्नातही पाट्या आल्या. त्यातली एक सत्यभामाबाईच्या हातात होती. तिच्या मायच्या. घरी जाऊन सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, मेलेल्याच्या नावानं घेतात तसं. धाकट्या भावानं, शिवराजनं, फोन करून कळवलं, "अक्का, तुझ्या नावानं आंघूळ केली. माय बी केली." त्यानंतर त्यानं तिला कधी अक्का म्हटलं नाही. मेलेलीला कोण अक्का म्हणतं?

बापाचं तिनं मनाला लावून घेतलं नाही. मायनं घेतलेलं पाणी मात्र सहा वर्षं तिच्या अंगावरून निथळत राहिलं.

आणि आता हा माहितीपट. दुकानातल्या टीव्हीवर भर दुपारी लागला. शेतातल्या विहिरीपाशी सत्यभामाबाई एकटीच, पुढ्यात माईकवाली पोरगी. माय इकडंतिकडं बघून हळूच काहीतरी बोलली. तोच तिच्या आवाजावर एक ठसठशीत हिंदी आवाज चढून बसला: "मैं तो नहाती ही नहीं." मागं भुताटकीचं संगीत वाजलं. निवेदक म्हणाला, द्वेषापायी या बायकांना आंघोळीचीही शुद्ध उरलेली नाही.

पंक्चर काढायला आलेला कल्लप्पा ड्रायव्हर पोट धरून हसायला लागला. "लोकाच्या लग्नाला विटाळ म्हंती, अन् सोता बघा! हिच्यापरीस माझ्या लॉरीचं चाक बरं, पावसात तरी धुऊन निघतंय."

"गप की रं," नागेंद्र म्हणाला. "सासू हाय माझी."

कल्लप्पानं जीभ चावली. विजयश्रीचं लक्षच नव्हतं. ती मायच्या ओठांकडं बघत होती. ओठ काही वेगळंच म्हणत होते. तिनं तोच भाग मोबाईलवर काढला, कानाला लावला, पुन्हा लावला, पुन्हा लावला. भाड्याच्या आवाजाखाली मायचा आवाज दबून पडला होता, पण होता.

"लेकीच्या नावानं म्या आंघूळ केली न्हाई. न्हाणीचं दार लावलं अन् घागर तशीच मोरीत रिती केली. अंगावर थेंब घेतला न्हाई. माझी लेक मेली न्हाई."

हे सगळं तिनं साहेबाला शब्दाशब्दानं समजावून सांगितलं. मग साहेबाचा आवाज एकदम उजळला. "मॅडम, ही तर फार मोठी गोष्ट आहे! रविवारी पुन्हा दाखवतोय. तिचाच आवाज ठेवतो. सगळ्यांना कळेल."

"कळू द्या," विजयश्री म्हणाली. "समद्यांना कळू द्या."

साहेब शब्दाला जागला. रविवारी माय स्वतःच्या आवाजात बोलली. खाली लाल अक्षरं धावत होती. औरादच्या हॉटेलात बोलली, घराघरांत बोलली, हणमंतरावाच्या शेजारपाजारच्यांच्या टीव्हीवरही बोलली. विजयश्रीनं टीव्हीच्या काचेवर हात ठेवला आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. नागेंद्रनं तिला रडू दिलं.

सोमवारी मायसाठी एक पातळ घेऊन तिनं औरादची बस धरली. वाटभर ती एकच वाक्य मनात घोळवत होती: माय, तुला न्यायला आले.

फाटकाला कडी होती. आत अंगणात सगळं घर जमलेलं. बाप, काका, काक्या, सुना. सगळ्यांची डोकी ओली. कपडे अंगाला चिकटलेले. उन्हात उभे होते, पण पुसत कुणीच नव्हतं.

विजयश्रीला आधी वाटलं, पुन्हा आपल्याच नावानं. पण एकदा मेलेल्या माणसाच्या नावानं कुणी दुसऱ्यांदा पाणी घेत नाही. तिनं एकेक डोकं बघितलं. ओल्या डोक्यांत माय नव्हती. दारात नव्हती. खिडकीत नव्हती.

शिवराज फाटकाशी आला. केसांतून पाणी गळत होतं. त्यानं मान वर केली नाही.

"शिवराज, कुणाच्या नावानं?"

तो मागं फिरायला लागला.

तिनं फाटकाच्या गजांतून हात घालून त्याचा ओला सदरा मुठीत धरला.

"माझ्या नावानं केली तवा मी जित्ती होते. बोल की रं. माय जित्ती हाय का न्हाई?"