पूर्वेच्या स्टँडचं आयुष्य

स्टेडियमचा पूर्वेकडचा स्टँड पाडायचा की ठेवायचा, हे ठरवायला इंजिनियर आला आणि मैदान राखणारे काका त्याच्या मागोमाग फिरू लागले. त्याच स्टँडखालच्या खोलीत त्यांचा बत्तीस वर्षांचा संसार होता.

इंजिनियरनं हातोडीनं खांब ठोकला. मूठभर सिमेंट काकांच्या चपलेवर पडलं.

"काका, याचं काही खरं नाही. हजारभर माणसं एकदम उठून नाचली, तर सगळं खाली येईल."

"नाचतंय कोण, साहेब? सभेला माणसं पेंगतात. फुलांच्या प्रदर्शनाला टंगळमंगळ करत फिरतात. गाण्याच्या कार्यक्रमाला तर काही ऐकूच येत नाही म्हणून अर्ध्यात उठून जातात."

"आणि फुटबॉलला? आपला संघ जिंकला की?"

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही बाहेरगावचे का हो?"

त्यांनी खोलीतून सामन्यांच्या निकालांची जाडजूड वही आणून पुढे धरली. इंजिनियरनं ती शेवटच्या पानापर्यंत चाळली, हातोडी पिशवीत टाकली आणि तिथेच उभ्या उभ्या अहवाल लिहिला: 'संघ आहे तोच ठेवल्यास स्टँडला आणखी वीस वर्षं कोणताही धोका नाही.'