आज राग कुणावर?

सामना संपला की रिटायर्ड फिटरकाका रेडिओच्या कार्यक्रमात फोन लावायचे आणि सगळ्यांची बिनपाण्याने करायचे. गोलकीपर म्हणजे बुजगावणं, कोचचं नाचता येईना अंगण वाकडं, आणि रेफरीला तर आधी चष्मा करून द्या. ऐकणारे पोट धरून हसायचे.

आज टीम चार गोलांनी जिंकली, तरी काकांचा फोन आलाच.

"काका, आज गोलकीपरने कमाल केली, कोचचा डाव जमला, रेफरीही कुठे चुकला नाही," निवेदिका हसत म्हणाली. "मग आज राग कुणावर?"

सकाळपासून घरात काकांशी बोलणारं कुणीच नव्हतं.



"कुणावर नाही, पोरी. तुझं जेवण झालं का?"