दीड तास पुढे

टॅक्सी खरं तर भल्या पहाटे एअरपोर्टला निघाली होती. काशिमिऱ्याच्या सिग्नलवर ती गुपचूप परत फिरली, भाईंदर पश्चिमेहून मोरवा ओलांडून गेली आणि पालीच्या कोळीवाड्यातल्या चिंचोळ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली.

उतरल्या उतरल्या संपदाने मनगटावरच्या घड्याळाचे काटे दीड तास पुढे सरकवले.

"हे काय आता?" जितेंद्रने विचारलं. त्याच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या.

"फुकेतची वेळ. आजपासून चार दिवस आपण फुकेतला आहोत."

"संपदा, अजून सांगतोय, खरं सांगून टाकू या. लोक काय खाणार आहेत का आपल्याला?"

"खाणार नाहीत. कीव करतील. जिन्यात भेटले की मान वाकडी करून विचारतील, 'मग, काही झालं का भाऊंच्या नोकरीचं?' मला नाही सहन होणार ते."

जितेंद्रची कंपनी महिन्यापूर्वी बंद पडली, तशी तिकिटंही रद्द झाली. पण त्याआधीच कोजागिरीला गच्चीवर दूध पिता पिता संपदाने "आम्ही फुकेतला चाललोय" असं सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं. लगेच चौथ्या मजल्यावरच्या रसिकानेही "आणि आम्ही बालीला!" असं ठोकून दिलं. रसिकाचा आवाज म्हणजे भोंगाच. सोसायटीच्या मिटिंगला तिच्यासाठी माइक लागत नाही. ती तर कालच गेलीसुद्धा, अख्ख्या बिल्डिंगला टाटा करत.

सोमवारी जितेंद्रचा एक इंटरव्ह्यू होता. नोकरी लागेपर्यंत बिल्डिंगमध्ये कुणाला वाससुद्धा लागू द्यायचा नाही, हे संपदाने देवापुढे दिवा लावून ठरवलं होतं. तिने एकदा ठरवलं की ठरवलं!

समुद्राकडे तोंड केलेल्या दोन खोल्या शालू नावाची कोळीण भाड्याने द्यायची. हसतमुख बाई, हातात सतत काहीतरी काम.

"जेवण कधी मिळेल?" साडेअकरा वाजता संपदाने विचारलं. ताटाचा फोटो फुकेतच्या जेवणाच्या वेळेचाच हवा ना!

"आत्ताच? भूक लवकर लागते बाय तुमाला," शालू हसली. "पन बाजूच्या खोलीतली तर साडेधालाच ताटावर बसली. कालपास्नं दार न्हाय उघडलं नीट. नवं लगीन झालेलं असंल."

"असेल," संपदा म्हणाली. "आणि नेटवर्क?"

"दिवसभर न्हाय. सांजच्याला येतं, आलं तर."

म्हणजे फोटो आत्ता काढून ठेवायचे आणि नेटवर्क आलं की आपोआप जातील. चालेल. तिने शहाळं मागवलं, घरून आणलेली कागदाची छत्री त्यात खोचली आणि जितेंद्रला गॉगल लावायला लावला. "हस जरा. फुकेतला आलायस, तहसीलदार कचेरीत नाही!"

मग मात्र ती दमली. कुरकुरीत बोंबील खाऊन दोघांनी ताणून दिली. उठल्यावर पाण्यात पाय सोडून बसली. खेकडा जितेंद्रच्या अंगठ्याशी आला आणि तो लहान पोरासारखा किंचाळला. संपदाला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. महिनाभरात तो पहिल्यांदाच असा मोकळा दिसत होता. वीस वर्षं भाईंदर पूर्वेला राहून आपण इथे एकदाही कसे आलो नाही, याचं तिला वाईट वाटलं. तासभर तर ती फुकेत साफ विसरून गेली.

संध्याकाळी ऊन मऊ झालं तसं तिला ते पुन्हा आठवलं. "चल, मुख्य फोटो राहिलाय."

वाळूत एक निळीशार होडी ओढून ठेवलेली होती. मागे माड, पुढे समुद्र. असा फोटो फुकेतवाल्यांनाही मिळायचा नाही. फक्त होडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'एकवीरा प्रसन्न'.

"झालं! आता काय करणार?" जितेंद्र म्हणाला.

संपदाने गळ्यातली केशरी ओढणी काढली आणि त्या नावावर पसरली. ओढणीच्या टोकाला इस्त्रीचा तपकिरी डाग होता, कालच्या घाईतला. तो कुणाला दिसतोय! दोघं होडीला टेकून उभी राहिली, सेल्फी काढला, खाली मजकूर लिहिला आणि सोसायटीच्या ग्रुपवर सोडून दिला. फोटोपाशी छोटं घड्याळ फिरत राहिलं.

खोलीवर आल्यावर तिच्या लक्षात आलं, ओढणी होडीवरच राहिली.

"आणतो मी चहा पिऊन," जितेंद्र म्हणाला. पण जायची वेळच आली नाही. अंधार पडता पडता दार उघडलं, तर ओढणी कडीला लटकवलेली होती, नीट चौपदरी घडी करून. शालूनेच आणून ठेवली असणार, भली माणसं आहेत इथली, असं म्हणून संपदाने ती बॅगेत ठेवली.

सात वाजले. तिच्या घड्याळात साडेआठ. अचानक फोन टणटणला.

"आलं, नेटवर्क आलं!" ती पलंगावरून उठली. "गेला बघ फोटो."

जितेंद्र तिच्या खांद्यावरून वाकला. ग्रुपवर त्यांचा फोटो झळकत होता. 'अरायव्हल डे! फुल रिलॅक्स. तुमचे जितेंद्र-संपदा, फुकेत.' संपदाने सुटकेचा नि:श्वास सोडला. जिंकली होती ती.

त्याच क्षणी त्याखाली दुसरा फोटो येऊन पडला. रसिका आणि तिचा नवरा. 'बालीचा सूर्यास्त! स्वर्ग, स्वर्ग!'

"हिला आत्ताच टाकायचा होता," संपदा पुटपुटली आणि तिने फोटो मोठा केला.

मागे माड, पुढे समुद्र. निळीशार होडी. होडीवर पसरलेली केशरी ओढणी, आणि तिच्या टोकाला इस्त्रीचा तपकिरी डाग.

भिंतीपलीकडच्या खोलीतून माइक न लागणारा तो आवाज कडाडला, "अहो, डिलीट करा! आधी डिलीट करा!"