पीपी नंबर

यशवंतरावांनी आतल्या खोलीतल्या फोनचा रिसीव्हर अलगद उचलला. चिरकी शिट्टी कानात घुसली, तसा त्यांनी तो पुन्हा जागेवर ठेवला. बाहेरच्या खोलीतून नरहरीचा आवाज आला, "अरे यार, फिर कटली लाइन! आता तं लागूनच राहिली होती."

यशवंतराव पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, जणू तेवढ्यासाठीच आत गेले होते. "काय झालं रे?"

"काय माहीत, भाऊ. डायलिंग टोनवर करून पाहिलं, पल्सवर करून पाहिलं. नंबर फिरते, तिकडून आवाज येते, अन् ऐन टाइमाले तुटते."

टेबलावर ते यंत्र उघडं पडलं होतं. चष्म्याच्या घरापेक्षा थोडं मोठं, आत मुंगीएवढी बटणं. पामटॉप म्हणतात त्याला. शेजारच्या नरहरीची लेक निधी अमेरिकेत होती. तिने आपलं वापरलेलं यंत्र कोणाबरोबर तरी पाठवलं होतं. त्याला डबीएवढा मोडेम आणि मोडेमची वायर यशवंतरावांच्या फोनच्या सॉकेटात. एकदा इंटरनेट लागलं की इथलं पत्र चुटकीसरशी अमेरिकेत, असं नरहरी सकाळी सांगत आला, तेव्हापासून यशवंतरावांच्या पोटात दुखत होतं.

तसं त्यांना यंत्राचं काही पडलं नव्हतं. ब्राह्मणपाऱ्यातल्या या गल्लीत पहिला फोन त्यांच्याकडे आला. नरहरीने घेतलाच नाही. निधीच्या लग्नपत्रिकेवरही यांचाच नंबर होता, पुढे 'पीपी' लिहून. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, तो हाक मारून बोलावणार. नव्या राज्याची राजधानी झाल्यावर रायपुरात मागेल त्याला फोन मिळू लागले, तेव्हा यशवंतरावच नरहरीवर डाफरले होते, "काहून घेतो? माझा काय मेला आहे?"

कारण दर रविवारी सकाळी निधीचा फोन येई आणि तो यशवंतराव उचलत. "काका, गुडघा काय म्हणते? जेवण बरोबर करता ना?" असं ती विचारी. मग ते भिंतीवरून हाक मारत. नरहरी येईपर्यंतची मिनिटं यशवंतरावांची. पत्नी शारदाबाई वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या गुडघ्याची चौकशी करणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. पण ही मिनिटं उष्टी आहेत, हेही त्यांना कळत होतं. फोन बापाचा, आपण नुसते निरोपे. आणि बापाला तरी त्याची किंमत होती का? हल्ली तर हाका मारून घसा बसला तरी हा गडी दाढी आटोपून रमतगमत येई.

आता बापलेक परस्पर पत्रं लिहिणार. मग ती फोन कशाला करेल?

नरहरीला बायको होती, नव्या मंत्रालयात नोकरी होती, अशी लेक होती. देवाने एकाच्याच ताटात वाढावं तरी किती! आणि या माणसाने ते यंत्र लावायला यावं कुठे, तर आपल्याच घरात, आपल्याच फोनवर. यशवंतरावांना त्याच्याकडे बघवेना.

"अजून एक डाव पाहतो," नरहरी म्हणाला.

"पाह्य. मी चहा ठेवतो."

आतल्या फोनची घंटी बारीक टिणटिणली. म्हणजे नंबर फिरत होता. यशवंतराव त्या फोनजवळ सरकले. बाहेरून नरहरी आनंदाने ओरडला, "लागली, भाऊ, लागली!" आणि त्यांनी रिसीव्हर उचलला.

ते बाहेर आले तेव्हा नरहरी डोकं खाजवत होता. "भाऊ, आतला फोन तं कोणी उचलून नाही राहिलं?"

त्याच लाइनवरचा तो दुसरा फोन शारदाबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्या उशाशी बसवला होता. यशवंतराव म्हणाले, "आत कोण आहे आता उचलायले? शारदा होती तेव्हाची गोष्ट वेगळी."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचीच किळस आली. मेलेल्या बायकोला कुठे वापरलं आपण! पण नरहरी पार ओशाळला होता. "तसं नाही, भाऊ. असंच विचारलं." त्याने वायर गुंडाळली, यंत्र मिटलं आणि एवढंसं तोंड करून तो निघून गेला.

तो गेल्यावर यशवंतरावांना बरं वाटलं. वाटायला नको होतं, तरी वाटलं. त्यांनी चहात एक चमचा साखर जास्तच घातली.

पहिला घोट घेतला आणि फोन वाजला.

"काका, मी केव्हाची वाट पाहून राहिले. तुमची मेल काहून नाही आली?"

"तुह्या बाबाचं मशीन लागलंच नाही, पोरी." आवाजात आणता येईल तितकं दुःख त्यांनी आणलं. "थांब, बोलावतो त्याले."

"बाबांची नाही हो, तुमची! बाबा ऑफिसातून येता-येता सायबर कॅफेत बसतात. महिना झाला, रोज मेल येते त्यांची. ते मशीन तुमच्यासाठी पाठवलं मी. फोन तुमच्याच घरी आहे ना! पहिली मेल गेल्यावर सांगा म्हटलं होतं बाबांना, तुमची गंमत करायची होती."

यशवंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी विचारलं, "महिना झाला? रोज? मग तू इकडं फोन कायले करत होती?"

"हे काय विचारता!" निधी हसली. "बाबांशी तं रोजच बोलणं होते. रविवारचा फोन मी तुम्हाले करते, काका."