दही लागेना

आजही दही लागलं नव्हतं. सासूबाईंनी पातेलं कलतं केलं, तर दूध पाण्यासारखं कडेला आलं.

"विरजणच बिघडलंय तुझं, यामिनी."

"शेजारून नवं आणलंय, आई. मला वाटतं, विरजणातल्या जंतूंना हे दूध खाताच येत नाही."

"मग बरंच की! कारखान्यात कार्बन नि पाणी जोडून केलेलं दूध. त्यातले रेणू म्हणे आरशातल्यासारखे उलटे, म्हणून कधी नासत नाही."

यामिनीने ओट्याकडे पाहिलं. सकाळी सांडलेल्या दुधाच्या गोड थेंबांकडे एकही मुंगी फिरकली नव्हती.

पाळण्यात तिचा शंतनू याच दुधाची बाटली संपवून झोपला होता, पोट तट्ट फुगलेलं. झोपेत त्याने हात वर केला, आणि गेल्या महिन्यात रुतणारी काळ्या मण्यांची मनगटी कोपरापर्यंत घसरली.